जमिनीवरून उठताना

पासष्टी ओलांडली की आपल्याकडे माणसाचं सगळ्यात आधी काय बंद केलं जातं, तर खाली बसणं. गुडघा दुखतो, खाली बसू नका. चक्कर येते, खाली बसू नका. मागच्या महिन्यात पडलात ना, मग आता तर अजिबातच नको. देवासमोरचा पाट जाऊन स्टूल येतं, जेवण टेबलावर, संडास कमोडचा, भाजी निवडायची ती पण सोफ्यावर बसून, आणि मग दोन-तीन वर्षांनी कधीतरी बाथरूममध्ये पाय घसरतो, हाडबिड काही मोडलेलं नसतं, पण खालून उठताच येत नाही. कोणीतरी येऊन दार ठोठावेपर्यंत माणूस तिथेच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते, आणि "लागलं काही नाही हो, फक्त उठता आलं नाही" असं सांगणारे आजी-आजोबा मला सारखे भेटतात. दर वेळी मनाला लागतं, कारण यातल्या बऱ्याच जणांना उठता आलं असतं. शरीरात ती गोष्ट होती, फक्त बरीच वर्षं कोणी ती मागितलीच नव्हती.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ताकद कमी झालीये ना, प्रोटीन पावडर चालू करू का? डॉक्टरांना विचारून करा की, आपल्या जेवणात प्रोटीन कमीच असतं. पण ताकद म्हणजे मांडीवरचं मांस एवढंच नाही, हे मला आज जरा सविस्तर सांगायचंय. ताकदीचा मोठा हिस्सा नर्व्हमध्ये म्हणजे मज्जातंतूंमध्ये असतो, मणक्यातल्या मज्जारज्जूत असतो, मेंदूत असतो, आणि तो पावडरीने वाढत नाही. तो फक्त ती हालचाल केल्याने वाढतो.

खुर्चीतून उठणं घ्या आधी, ते सोपं. कोणालाही विचारलं की उठताना कुठला स्नायू लागतो तर तो मांडीवर हात ठेवेल. बरोबरच आहे, मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, आणि नितंबाचा ग्लूटिअस मॅक्सिमस खुबा सरळ करतो, वजन उचलायचं काम मुख्यतः या दोघांचं. पण सुरुवात तिथून होत नाही. उठायला लागलो की पहिल्या काही स्नायूंमध्ये जागा होतो तो नडगीच्या बाहेरच्या बाजूचा टिबिअॅलिस अँटिरिअर, जो पाऊल वर ओढतो. तो नडगीला पावलावर पुढे खेचून धरतो, त्याच वेळी धड कमरेतून पुढे झुकतं, वजन बैठकीवरून पावलांवर येतं, आणि ते आल्यावरच मांडी आणि नितंब जोर लावतात. माझे निम्मे पेशंट इथेच अडकलेले असतात. मांडीत जोर असतो, पण पडायच्या भीतीने ते पुढे झुकतच नाहीत, ताठ बसून वर यायला बघतात आणि परत धपकन मागे. मी त्यांना म्हणते, आजी, नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे न्या, मग उठा. बऱ्याचदा तेवढ्यावर उठतात. त्या एका मिनिटात मांडीत नवीन मांस काही आलेलं नसतं.

आता हेच जमिनीवरून. मांडी सोडायची, एका कुशीला वळून जमिनीवर हात टेकायचा, गुडघ्यावर यायचं, मग एक पाऊल पुढे टाकून त्या पायावर सगळं अंग वर घ्यायचं. त्या क्षणी एकाच पायावर बहुतेक भार, म्हणजे कमरेच्या बाजूचा ग्लूटिअस मीडिअस लागला नाही तर कमर दुसऱ्या बाजूला लचकणार. मागच्या पायाची बोटं पूर्ण मागे वळायला हवीत. पोटरीतला सोलिअस आखडला असेल तर पुढच्या पावलाची टाच उचलली जाते आणि तोल जातो. शेवटी सरळ उभं राहिल्यावर डोकं खालून वर आलेलं असतं, तेव्हा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेने सांगायचं की बाबा वर कुठे आणि खाली कुठे, आणि रक्तदाबानेही जागेवर राहायचं. एवढं सगळं, आणि आपण तिशीत हे एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन करत असतो.

शरीरशास्त्रातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे, हे सगळं हालचालीच्या *आधी* सुरू होतं. १९६७ साली सोव्हिएत रशियातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की उभ्या माणसाने नुसता हात वर करायचा म्हटला तरी मांडीच्या मागचा स्नायू खांद्याच्या स्नायूच्या आधी कामाला लागतो. कारण हात पुढे गेला की अंगाचा तोल पुढे जाणार, हे मज्जासंस्थेला अनुभवाने माहीत असतं, आणि ती तोल गेल्यावर सावरायच्या ऐवजी तो जायच्या आधीच बंदोबस्त करून ठेवते. आपल्याला याचा पत्ताही नसतो. यात मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातल्या सेरेबेलमचा म्हणजे अनुमस्तिष्काचा मोठा वाटा. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन म्हणजे नर्व्हपेशी असतात असा २००९ चा मोजदाद केलेला आकडा आहे, आणि त्यातले जवळजवळ ६९ अब्ज त्या एवढ्याशा सेरेबेलममध्ये. हा अंदाज आधीच बांधून ठेवायचं कौशल्य वापराने टिकतं आणि वापर थांबला की गंजतं, हे मी पेशंटमध्ये रोज बघते.

बरं, आता स्नायूला हुकूम पोचतो कसा. पायाच्या स्नायूंना हलवणाऱ्या नर्व्हपेशी असतात कमरेच्या जरा वर, मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला. तिथून एकेक धागा निघतो तो थेट पावलापर्यंत, म्हणजे एकच पेशी आणि तिची लांबी जवळपास मीटरभर. तो स्नायूत शिरला की त्याच्या फांद्या होतात आणि प्रत्येक फांदी एकेका स्नायूतंतूला जाऊन चिकटते. एक नर्व्हपेशी आणि तिच्या हाताखालचे सगळे तंतू मिळून झालं एक मोटर युनिट. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत एका युनिटमध्ये मोजके तंतू असतात, दहा-वीस, म्हणून नजर इतकी बारीक हलते, आणि पोटरीत एकेका युनिटमध्ये हजाराच्या वर. हे युनिट अर्धवट चालत नाही. सिग्नल आला की त्याच्या हाताखालचे सगळे तंतू आकुंचन पावणार, नाही आला तर एकही नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टनने हे सगळं मांडलं, १९३२ चं नोबेल मिळालं त्यांना, एडगर एड्रियनबरोबर. त्यानंतर अमेरिकी शास्त्रज्ञ एलवुड हेनेमनने दाखवलं की ही युनिट्स कामाला लागण्याचाही क्रम ठरलेला असतो, आधी छोटी, न थकणारी, मग जोर जसजसा वाढवू तशी मोठी, ताकदवान पण लवकर दमणारी. उभं राहण्यासारख्या हलक्या कामात ती आळीपाळीने चालू-बंद होत राहतात, पालखीला खांदा देणारे बदलत राहतात आणि पालखी मात्र एका लयीत पुढे जाते तसं.

या क्रमाचा परिणाम घरात दिसतो. दिवसभर सोफा, खुर्ची, पलंग, आणि हॉलमधून किचनपर्यंत चालणं, यात फक्त छोटी युनिट्स वापरली जातात. मोठ्यांना बोलावणंच येत नाही. आणि वय वाढतं तसे मज्जारज्जूतले मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या त्या नर्व्हपेशी, मरत जातात, जास्त करून मोठेच. एक मेला की त्याचे तंतू पोरके होतात, मग शेजारचा जिवंत न्यूरॉन नवीन फांदी फोडून त्यातल्या काहींना आपल्यात घेतो आणि उरलेले वाळून जातात. म्हणजे म्हाताऱ्या स्नायूतलं एकेक युनिट मोठं असतं पण युनिट्सची संख्या कमी, त्यामुळे जोर बारीकसारीक मोजून लावता येत नाही. कपात चहा ओतताना, सुईत दोरा ओवताना हे कळतं. पोलिओ झालेल्या माणसांमध्ये हेच फार लवकर घडलेलं असतं, विषाणू मोटर न्यूरॉन मारतो, उरलेले दुप्पट-चौपट काम अंगावर घेतात, आणि काहींना कित्येक वर्षांनी, पन्नाशी-साठीत, परत अशक्तपणा यायला लागतो. भारत मार्च २०१४ ला पोलिओमुक्त जाहीर झाला, पण लहानपणी पोलिओ झालेली माणसं आपल्या आसपास आहेत आणि त्यांना "व्यायाम वाढवा" असं सरसकट सांगू नये, त्यांच्या उरलेल्या न्यूरॉनवर आधीच फार ओझं असतं.

नर्व्हशिवाय स्नायू म्हणजे काय ते पुण्याने २०२५ च्या जानेवारीत फार जवळून बघितलं. सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव, खडकवासला या पट्ट्यात गिलाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे पेशंट एकदम वाढले. काही पेशंटच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, जुलाब करणारा, आणि सगळ्यांची नजर पिण्याच्या पाण्याकडे गेली. त्या दिवसांत आमच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. या आजारात काय होतं, तर आधीच्या इन्फेक्शनशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नर्व्हवर हल्ला करते. बऱ्याच पेशंटमध्ये नर्व्हच्या धाग्यावरचं मायलिन नावाचं चरबीचं आवरण खराब होतं. ते शाबूत असताना सिग्नल सेकंदाला साधारण ५० मीटर वेगाने जातो, ते गेलं की रेंगाळतो किंवा वाटेतच थांबतो. पायात मुंग्या, मग पाय जड, मग जिना चढवत नाही, मग हात. काहींना श्वासाचे स्नायूही पुरत नाहीत आणि व्हेंटिलेटर लागतो.

त्यानंतर जीबीएसमधून बाहेर पडलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या, म्हणजे मी त्यांच्याकडे गेले. हॉस्पिटलमधून घरी आलेल्या, शुद्धीवर तर त्या सगळा वेळ होत्याच, बोलायला खणखणीत. पलंगावर पाय सरळ, मी म्हटलं काकू पाऊल स्वतःकडे ओढा. त्या बघत राहिल्या पावलाकडे. चेहऱ्यावर, मानेवर ताण आला, मुठी आवळल्या गेल्या, पाऊल तिथंच. "ताई, मी ओढतेय हो." आणि त्या खरंच ओढत होत्या, मेंदूतून हुकूम निघत होता, मज्जारज्जूत पोचत होता, पुढे वाटेत मरत होता. मी नडगीच्या त्या स्नायूवर दोन बोटं ठेवून बसायचे. गुडघ्यावर हातोडी मारली तर झटका नाही, कारण तो रिफ्लेक्सही त्याच तारांवरून येतो-जातो. पुढे कधीतरी एका सकाळी बोटांखाली एक हलकीशी हालचाल लागली, डोळ्यांना काही दिसलं नाही, पाऊल तसूभरही हललं नाही, पण स्नायू कडक होऊन सैल झाला. मी त्यांचा हात धरून त्या जागी ठेवला. परत करा म्हटलं. परत झालं. काकूंना रडू फुटलं आणि मला पण.

मायलिन परत तयार होतं, काही आठवडे-महिने लागतात. पण आतला धागाच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढतो, म्हणजे गुडघ्यापासून पावलापर्यंत पोचायला वर्षभर सहज. म्हणून कमरेकडचं आधी सुधारतं आणि पाऊल सगळ्यात शेवटी. या काळात पेशंटला दमवायचं नाही पण सांधे आखडू द्यायचे नाहीत, आणि सिग्नल आला त्या दिवशी त्याचं काम तयार ठेवायचं. काकूंनी पुढे काठी घेऊन चालायला सुरुवात केली. खाली बसून उठायला त्यांना त्याच्याही नंतर बराच वेळ लागला, आणि त्यांनीच तो हट्ट धरला होता, तुळशीपाशी बसायचं होतं म्हणून.

मांस जागेवर असून नर्व्ह हात आखडता घेते, याचं रोजचं उदाहरण म्हणजे सुजलेला गुडघा. गुडघ्यात पाणी झालं किंवा ऑपरेशन झालं की मांडीचा क्वाड्रिसेप्स जणू बंद पडतो. लोकांना वाटतं दुखतं म्हणून. दुखणं असतंच, पण निरोगी माणसाच्या गुडघ्यात, दुखत नसताना, नुसतं सलाईन सोडून प्रयोग झालेत, आणि २०-३० मिली एवढ्याशा पाण्यानेही गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मांडीचा भाग मंदावलेला दिसला. सांधा ताणला गेल्याचा निरोप मज्जारज्जूत जातो आणि तिथले न्यूरॉन दाबले जातात. म्हणून आम्ही पहिल्या दिवसापासून तो कंटाळवाणा व्यायाम देतो, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी आणि ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा. पेशंटला वाटतं यात काय व्यायाम आहे. यात मांस वाढणार नाहीच, पण तुटलेला संपर्क परत जोडला जातो, आणि तो जोडल्याशिवाय पुढचे सगळे व्यायाम फुकट जातात. सूज उतरवणं हाही मांडीचा व्यायामच समजा.

आणि आता तो प्रयोग, जो मी प्रत्येक नातेवाईकाला सांगते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या दहा जणांवर अभ्यास झाला, सरासरी वय ९०. नव्वद. बरेचसे अशक्त, काठी-वॉकर घेऊन चालणारे. त्यांच्याकडून आठ आठवडे मांडीचा चांगला जड व्यायाम करून घेतला, हलकाफुलका नाही तर त्यांच्या जास्तीत जास्त ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन लावून. जे नऊ जण शेवटपर्यंत टिकले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. आणि मांडीतलं मांस किती वाढलं? साधारण ९ टक्के. हा फरक नीट बघा. बाकीची ताकद आली कुठून? ती आली झोपलेली मोठी युनिट्स परत कामाला लागल्यामुळे, ती जास्त वेगाने आणि जास्त संख्येने पेटल्यामुळे, उलट बाजूचे स्नायू विनाकारण अडवायचे ते सैल पडल्यामुळे. तरुणांमध्येसुद्धा जिमच्या पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः अशीच, दंड फुगायच्या आधी. म्हणून ऐंशीच्या माणसाला "आता या वयात काय" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. या वयात नर्व्ह शिकते. हे सिद्ध होऊन पस्तीस वर्षं झाली.

हुकूम खाली जाण्याबद्दल इतकं बोलले, पण वर येणाऱ्या निरोपांशिवाय त्याला अर्थ नाही. प्रत्येक स्नायूच्या आत तो किती लांब झालाय ते मोजणारे बारीक स्पिंडल असतात, स्नायूबंधात वेगळे, सांध्यात, तळपायाच्या कातडीत वेगळे, आणि ते सतत सांगत असतात पाय कुठे आहे, किती वाकलाय, वजन टाचेवर आहे की बोटांवर. इंग्लंडचे इयान वॉटरमन, १९७१ साली १९ वर्षांचे असताना एका इन्फेक्शननंतर त्यांच्या मानेखालच्या शरीराचे हे निरोप कायमचे बंद झाले. स्नायूंकडे जाणाऱ्या नर्व्ह धडधाकट, दुखणं आणि गरम-थंड कळत होतं, पण हात-पाय कुठे आहेत ते अजिबात नाही. सुरुवातीला बसताही येईना. मग डोळ्यांनी आपल्याच अंगाकडे बघत, प्रत्येक हालचाल आधी मनात आखून, ते वर्षाहून जास्त काळ झगडून उभं राहायला आणि चालायला शिकले. पण लाइट गेले की खाली कोसळायचे. ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी कॉलेजात होते आणि रात्रभर तेच डोक्यात होतं, की दिवे गेल्यावर मी अंधारात उठून पाणी पिऊन येते तेव्हा शरीर मला किती काय काय सांगत असतं.

आपल्याकडे याचं सौम्य रूप घराघरात आहे, जुन्या डायबिटीसमध्ये. सगळ्यात लांब धागे आधी खराब होतात, म्हणून पायाच्या बोटांपासून बधिरपणा सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो. असे काका दिवसा नीट चालतात कारण डोळे भरपाई करत असतात, आणि बेसिनपाशी तोंड धुताना डोळ्यांना साबण लावून मिटले की हेलपाटतात. पडण्याच्या हकिकती ऐका, त्यात बाथरूम आणि पहाटेचा अंधार किती वेळा येतो. घसरड्या फरशीला सगळे दोष देतात, तो आहेच, पण पावलाची संवेदना तपासायला कोणी काका-काकूंच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा काटा, ठेवलेला नसतो. दोन मिनिटांची तपासणी आहे, डॉक्टरांना मागून करून घ्या. आणि पॅसेजमध्ये रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवा.

नर्व्ह ही जागा मिळेल तिथून जाणारी गोष्ट आहे, त्यामुळे कुठे कुठे ती अगदी उघड्यावर असते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने चाचपलं तर हाडाचा एक छोटा उंचवटा लागतो, नडगीशेजारच्या फिब्युला या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या मानेला वळसा घालून पाऊल वर उचलणारी नर्व्ह कातडीच्या लगेच खालून जाते. तास न् तास उकिडवं बसून काम केलं तर ती तिथे दाबली जाते. माझ्या मावशीच्या गावी निफाडकडे कांद्याची लागवड, खुरपणी सगळी बायका अशी बसून बसून पुढे सरकत करतात, आणि अधूनमधून एखादीचं पाऊल सकाळी उठल्यावर लोंबायला लागतं, चप्पल पायातून निसटते, चालताना पाऊल जमिनीवर आपटतं. गावात लगेच अर्धांगवायू म्हणून घबराट होते. बहुतेक वेळा नर्व्ह फक्त दबलेली असते आणि ते बसणं थांबवलं तर काही आठवड्यांत बरी होते. डॉक्टरला दाखवायचंच, पण मुळात मुकादमाने दर अर्ध्या तासाला सगळ्यांना उभं केलं, थोडं चालू दिलं, तरी हे टळू शकतं. खाली बसणं चांगलं असं मी म्हणते ते उठण्यासाठी, एकाच बैठकीत पाच तास जखडून राहण्यासाठी नाही. हा फरक शेतात राबणाऱ्या बायकांच्या बाबतीत विसरू नये.

उठण्याइतकंच बसणंही काम आहे. सिंहगड चढताना दम लागतो पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. उतरताना क्वाड्रिसेप्स लांब होत होत वजन धरून ठेवतो, ब्रेक लावतो, आणि या प्रकारात तंतूंना बारीक इजा होते, त्याचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. लॅक्टिक अॅसिड साचलं म्हणून दुखतं असं अजूनही सांगतात, पण ते तर तास-दोन तासांत रक्तातून साफ झालेलं असतं. खुर्चीत धपकन न बसता सावकाश बसणं हा तोच ब्रेकचा व्यायाम, आणि म्हाताऱ्या माणसांना तो चढण्यापेक्षा झेपतोही, कारण त्यात दम कमी लागतो. मी पेशंटना खाली बसायला आधी शिकवते आणि उठायला नंतर.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत असतो, हात न टेकता जमिनीवरून उठता आलं नाही तर आयुष्य कमी. त्याच्या मागे खरा अभ्यास आहे, ब्राझीलचा, २०१२ मध्ये छापलेला, ५१ ते ८० वयाच्या दोन हजार दोन लोकांवरचा. खाली बसायला पाच गुण, उठायला पाच, हात किंवा गुडघा टेकला की एकेक गुण कमी, तोल गेला तर अर्धा. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पण याचा अर्थ हात टेकल्याने कोणी मरतं असा नाही, ज्याचं हृदय, सांधे, तोल, नर्व्ह सगळंच थकलंय त्याला उठणं जड जातं एवढाच. तो व्हिडिओ बघून सत्तरीच्या काकांनी एकट्याने घरात हात न टेकता उठायचा प्रयत्न करणं हे मात्र धोक्याचं आहे. हात टेका. खुशाल टेका. आमच्या कामात गुण कोणी मोजत नाही, उठता आलं पाहिजे एवढंच.

आणि दर वेळी जरा वेगळं उठा. मॉस्कोत १९२०च्या दशकात हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाईन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसलेल्या कारागिरांची हालचाल फिल्मवर टिपली, तेव्हा हातोड्याचं टोक दर वेळी नेमकं पडत होतं पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग एकदाही तोच नव्हता. सराव म्हणजे तीच हालचाल घोटणं नव्हे, तोच प्रश्न परत परत नव्याने सोडवणं. म्हणून पेशंटला मी कधी उजव्या गुडघ्यावरून उठवते, कधी डाव्या, कधी गादीवरून, कधी सतरंजीवरून, कधी बोलत बोलत. बाथरूममध्ये पडल्यावर कुठला गुडघा वर असेल ते आधी ठरलेलं नसतं.

सुरुवात कशी करायची ते सांगते. नुकतं फ्रॅक्चर झालेलं, खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हाडं फार ठिसूळ असलेलं किंवा उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणारं माणूस असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, तोवर हे करू नका. बाकीच्यांनी पहिले काही दिवस नुसतं खुर्चीतून, हात मांडीवर ठेवून, सावकाश उठायचं-बसायचं, दमेपर्यंत, कारण सोप्या कामाला मोठी युनिट्स येत नाहीत. मग खुर्चीच्या जागी बुटकं स्टूल, मग चौरंग. दुसरीकडे वेगळा सराव, न हलणारा जड सोफा समोर, खाली जाड सतरंजी, सोफ्यावर दोन्ही हात, आधी एक गुडघा टेकायचा, मग दुसरा, आणि चांगला पाय पुढे टाकून परत वर. घरात दुसरं कोणीतरी शेजारी उभं हवं, पण त्याने बगलेत हात घालून ओढायचं नाही, ओढलं की काम त्याच्या पाठीने होतं आणि आजींची नर्व्ह काहीच शिकत नाही. कमरेपाशी हात तयार ठेवा आणि थांबा. पहिल्यांदा बराच वेळ लागेल, लागू दे.